क्लॉजचा बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरात बसत नाही. गुडघे कुरकुरतात, सून म्हणते, "आई, टीव्हीवर दाखवतात सगळं, कशाला त्या गर्दीत जाता?" मुलगा नुसता घड्याळाकडे पाहतो. पण हुडकेश्वरहून इतवारीपर्यंत मी जातेच. तिथे एका दुकानाच्या पायरीवर माझ्यासाठी खुर्ची टाकलेली असते. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात यथातथाच होता, पण माणूस म्हणून फार गुणी. चहा पाजतो आणि माझ्या पुढ्यात कोणाला उभं राहू देत नाही.

समोरून मारबतींची मिरवणूक जाते. ज्यांनी नागपूर पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं की मारबत म्हणजे बांबू-कागदाची प्रचंड बाई. एक काळी, एक पिवळी. त्यांच्या मागून गल्लोगल्लीचे बडगे निघतात. बडगे म्हणजे पोती, चिंध्या, फुटके डबे, जुने पायजमे बांधून केलेले पुतळे. ज्या वर्षी लोकांना जे छळतं, त्याचा त्या वर्षी बडग्या होतो. महागाईचा होतो, डासांचा होतो, एखाद्या नकोशा पुढाऱ्याचा होतो. सगळं गाव ओरडतं, "घेऊन जा गे मारबत," आणि शेवटी हे सारं वस्तीबाहेर नेऊन जाळतात. त्याबरोबर वर्षाची पीडा गेली असं समजायचं आणि घरी येऊन जेवायचं.

यंदाही मी सगळे बडगे पाहिले. चांगले होते. रंग आता झकास मिळतात, पुतळ्यांचे डोळेही दिव्यांचे असतात. पण आमच्या बडग्याची सर त्यांना नाही, आणि हे मी म्हातारपणाच्या खुळानं म्हणत नाही. इंग्रजी व्याकरणातल्या क्लॉजचा बडग्या नागपुरात माझ्या माहितीत एकदाच निघाला. तो आमच्या गल्लीतून निघाला आणि त्याच्या गळ्यात जे वाक्य होतं ते माझं होतं. ही गोष्ट मी दरवर्षी घरी सांगते. घरच्यांचे कान किटले आहेत, म्हणून आता लिहून ठेवते.

त्या वर्षी मी मॅट्रिकला नापास झाले होते. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असे. बाकी सगळ्या विषयांत सुटले आणि इंग्रजीत अडकले. अडकले ते क्लॉजच्या पृथक्करणात, म्हणजे लांबलचक वाक्याचे तुकडे पाडून त्यातलं मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणती आणि ती कशासाठी आली आहेत हे सांगण्यात. मला सगळी वाक्यं सारखीच दिसायची. परीक्षेत मी एका वाक्याचे तुकडे केले ते त्याच्या लांबीवरून, जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे. आजही मला त्या पद्धतीत तसं काही वावगं दिसत नाही, पण तपासणाऱ्याला दिसलं.

आमचं घर खाप्याचं. कन्हान नदीच्या अंगाला बाबांची शेती, कापूस आणि ज्वारी, बांधावर संत्र्याची थोडी झाडं. आमच्या घरातून अकरावीपर्यंत गेलेली मी पहिली मुलगी. त्याचा बाबांना गर्व होता असं आई सांगे. आम्हाला तो कधी दिसला नाही. निकाल लागला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मात्र बोलले. माझी धाकटी बहीण विमल सातवी पास होऊन आठवीत चालली होती. दोन वेण्या घालून, नवं दप्तर खांद्याला लावून ती उंबऱ्यात उभी होती. बाबा ओसरीवर बसून बैलाचा कासरा वळत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठं चालली? बस घरी."

आई म्हणाली, "काहून? शाळा उघडली ना आज."

"मोठी अकरावी शिकली, काय झालं? आता हे ऑक्टोबरले पास झाली तर थिचं पाहू. नाही तर दोघीही घरी."

विमलनं दप्तर काढून खुंटीला अडकवलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर वावरात तण निंदायला जायला लागली. आमच्याकडे तेव्हा असंच होतं. एका पोरीच्या निकालावर तिच्या मागच्या साऱ्या पोरींचं शिक्षण बसलेलं असे. मुलगा नापास झाला तर मुलगा नापास व्हायचा. मुलगी नापास झाली की मुलींचं शिक्षण नापास व्हायचं.

मला इतवारीत मामाकडे पाठवलं, ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेची तयारी करायला. मामाचा मुलगा दिनकर, म्हणजे आमचा दिन्या, हाही नापासच होता आणि एकाहून जास्त विषयांत. त्याला त्याची बिलकूल खंत नव्हती. स्टेशनवरून घरी येईपर्यंत त्यानं मला शहाणपण शिकवलं. "नापास झालो म्हणून सांगायचं नाही गा बाप्पा. ऑक्टोबरले बसून राहिलो म्हणायचं."

आम्ही ऑक्टोबरवाले भुसारी सरांच्या वर्गाला जायचो. सर एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि सकाळी शाळेआधी आम्हाला घेत. वर्ग भरे एका किराणा गोदामाच्या मागच्या पडवीत. गोदामात मिरचीची पोती. हमालांनी पोतं ओढलं की खकाणा उडे आणि सगळा वर्ग शिंकायला लागे. सर फळ्यावर व्याख्या लिहीत आणि आम्ही डोळे पुसत उतरवून घेत असू. इंग्रजीनं आम्हाला रडवलं असं त्या गल्लीत पुष्कळांना वाटत असेल. ते तितकंसं खोटं नव्हतं. आजही कुठे तिखट कुटत असले की मला आधी शिंक येते आणि मग 'रिलेटिव्ह प्रोनाऊन' आठवतं.

सर बुटके, काळी टोपी घालणारे, आवाज मात्र दूरवर जाणारा. ते म्हणत, "आधी क्रियापदं हेरा. जेवढी क्रियापदं तेवढे क्लॉज. मग त्यातला कोण आपल्या पायांवर उभा आहे ते पाहा. तो मुख्य. बाकीचे त्याला धरून आलेले."

एकदा मी विचारलं, "सर, त्यांना गौण काहून म्हणायचं? सारं सांगायचं तर त्यांच्यातच असते." मुली वर्गात सहसा प्रश्न विचारत नसत, त्यामुळे दिन्यानं माझ्याकडे दचकून पाहिलं. सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "गौण म्हणजे कमी नव्हे. गौण म्हणजे ज्याचं पुढचं दुसऱ्यावर अवलंबून आहे ते. मुख्य पडलं तर तेही पडतं. त्याची काही चूक नसते."

त्यानंतर सर 'इफ'चे क्लॉज शिकवायला लागले, जर अमुक तर तमुक. माझा हात पुढे चालेना. बाबांनी ओसरीवर बसून आमच्या घराचं जे वाक्य तयार केलं होतं ते असंच होतं. मी पास झाले तर विमलची शाळा. त्या वाक्यात विमलनं स्वतः करायचं काहीच नव्हतं. ती नुसती मला धरून आली होती. व्याकरणाच्या पुस्तकात आपल्या घरची गोष्ट छापलेली सापडली की माणूस त्या पुस्तकावर आधी रागावतो. मी फार रागावले. पण त्या दिवसापासून ते पुस्तक मला परकं राहिलं नाही एवढं खरं.

पोळ्याच्या आधी बाबा इतवारीत आले, बैलांचा साज घ्यायला. बरोबर विमल, पिशवी धरायला. दिन्या धरून आम्ही चौघं बाजारात फिरलो. घुंगरांच्या माळा टांगलेल्या, बेगडी कागदांचे ताव, झुलींचे रंग, नव्या वेसणींचा वास. मुलांसाठी लाकडी बैल मांडलेले, कारण आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. बाबा घासाघीस करण्यात गुंतले तेव्हा विमलनं माझा हात धरला. तिच्या बोटांना निंदणाचे हिरवट-काळे डाग पडले होते. ते साबणानं निघत नाहीत, आपोआप फिके होतात.

ती म्हणाली, "ताई, क्लॉज लई कठीण हाये काय वं?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग येऊन राहिले तुले?"

हो म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "येतीन." तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता आणि तेच मला सहन होत नव्हतं. बाबा तेवढ्यात वळले. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "अभ्यास?" मी म्हटलं, "चालू हाये." एवढंच आमचं बोलणं. जाताना त्यांनी मामीच्या हातात घरचं तूप दिलं आणि माझ्या हातात काहीच दिलं नाही.

आता बडग्याकडे येते. तो दिन्याच्या डोक्यातून निघाला. दरवर्षी गल्लीतली पोरं बडग्या करत. यंदा कोणाचा करायचा यावर भांडण चाललं होतं. दिन्या म्हणाला, "आपल्याले यंदा कोणी छळलं? क्लॉजनं. मंग त्याचाच करू." ऑक्टोबरवाल्यांनी एकमतानं मान्य केलं. गोदामाच्या कोपऱ्यात बांबू उभा राहिला. त्याला भाताचं तणस भरलेलं पोतं, मामाचा जुना पायजमा आणि डोक्याच्या जागी मडकं. सरांना दिसू नये म्हणून त्याच्यावर ताडपत्री टाकली. ताडपत्रीखालून पाय बाहेर राहिले होते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सरांच्या आलं. त्यांनी ताडपत्री उचलली. "हा कोण?"

सगळ्यांनी दिन्याकडे पाहिलं. शेवटी दिन्या म्हणाला, "सर, हा क्लॉज."

आम्हाला वाटलं, आता छडी. सरांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली, पायजम्याची नाडी ओढून पाहिली. मग म्हणाले, "शिव्या द्यायच्या तर ओळख करून घेऊन द्या. ज्याची ओळख नाही त्याला शिव्या देणं हा गावंढळपणा आहे. ह्याचं मुख्य वाक्य कुठं आहे? नामवाक्य कुठं आहे? हा नुसता पायजमा आहे. असा क्लॉज माझ्या वर्गातून बाहेर जाणार नाही."

आणि त्या सकाळपासून आमचा वर्ग त्या पुतळ्यावर चालला. बांबू हा कणा, तो मुख्य. तो स्वतःच्या बळावर उभा राहिलाच पाहिजे. नाऊन क्लॉज पोटात, कारण मला काय माहीत आहे, मला काय वाटतं, मला काय हवं आहे, हे सगळं माणसाच्या पोटात असतं. ॲडजेक्टिव्ह क्लॉज गळ्यात, कारण जो असा आहे, जी तशी आहे, ही ओळख माणूस गळ्यात घालून हिंडतो. ॲडव्हर्ब क्लॉज पायांना, कारण कुठे, केव्हा, कशासाठी, कोणत्या अटीवर, हे जाणाऱ्या पायांना विचारायचे प्रश्न. हे सरांनी सांगितलं असं मी पुढे पुष्कळदा म्हटलं आहे, पण खरं तर गळ्याचं सरांचं, पायांचं दिन्याचं आणि पोटाचं माझं. पुढे मी इतकी वर्षं वर्गात शिकवलं, इंग्रजीतच शिकवलं, पण फळ्यावर खडूनं बडग्याच काढत आले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकातलं? मी म्हटलं, इतवारीतलं.

तो आठवडा आम्ही क्लॉजनं झपाटलेले होतो. मामीचं रागावणंही आम्हाला रागावणं वाटेनासं झालं. एकदा ती दिन्याला पानावर बसताना म्हणाली, "ज्या पोट्ट्याले आपून कायमंदी नापास झालो हेही सांगता येत नाही, थो जवा पंगतीत सर्वाच्या पहिले येऊन बसते, तवा मले वाटते का याले ताटच वाढू नये." दिन्या खाली मान घालून बोटांवर क्लॉज मोजत होता. हळूच म्हणाला, "चार." मी म्हटलं, "पाच." पोटातलं होतं, गळ्यातलं होतं, पायातलं होतं, आणि मुख्य काय तर 'मले वाटते'. मामीनं एका श्वासात अख्खा धडा सांगितला होता. ती म्हणाली, "बोटं कायले मोडून राहिला?" दिन्या म्हणाला, "आई, अजून एकदा म्हण." त्याला खरंच ताट मिळालं नाही.

मला त्या दिवसांचा जो अभिमान वाटतो तो हुशारीचा नाही. हुशार पोरं तेव्हाही मार्चमध्येच सुटून गेली होती, कोणी कॉलेजात, कोणी नोकरीत. आम्ही मागे राहिलेले. मागे राहिलेल्यांना एक गोष्ट मिळते, ती म्हणजे दुसऱ्यांदा पाहायला मिळतं. पहिल्यांदा मी वाक्य पाहिलं ते परीक्षेसाठी. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यात माणसं दिसायला लागली. कोण कोणाला धरून उभं आहे, कोणाला एकट्यानं बोलता येतं, कोणाला 'कारण' लावल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आईचं एकही वाक्य त्या काळात 'कारण'शिवाय पुरं व्हायचं नाही आणि बाबांचं एकही 'जर'शिवाय. हे कळलं आणि मग मला त्या दोघांचा राग येणं थोडं कमी झालं.

पुतळा झाल्यावर सर म्हणाले, आता याच्या अंगावर लिहायचं काय? प्रत्येकानं उठून एक वाक्य म्हणायचं, इंग्रजीत, मारबतीनं काय घेऊन जावं ते. त्यात एक तरी क्लॉज हवा आणि तो कुठे बांधायचा तेही सांगायचं. पोरं उठली. कोणी गणिताचा मास्तर घेऊन जा म्हणालं, जो कानाखाली देतो तो. शिंप्याचा मुलगा म्हणाला, गिऱ्हाईक आलं की बंद पडणारी आमची मशीन घेऊन जा. हसणं चाललं होतं, मिरचीचा खकाणा होताच. मग सरांनी माझ्याकडे बोट केलं.

मी उठले. मनात काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, "टेक अवे द डे व्हेन माय सिस्टर लेफ्ट स्कूल." ज्या दिवशी माझ्या बहिणीची शाळा सुटली तो दिवस घेऊन जा.

कोणी हसलं नाही. दिन्याला सगळं माहीत होतं, त्यानं मान खाली घातली. एक पोरगा हळूच म्हणाला, "'व्हेन' हाये, पायाले बांधा." मी म्हटलं, "नाही. केव्हा ते नाही विचारलं. कोणता दिवस ते सांगून राहिली. गळ्यात बांध." माझा आवाज मलाच मोठा वाटला. सर फळ्याकडे वळले, पुन्हा माझ्याकडे वळले. म्हणाले, "बरोबर. गळ्यात." मग विचारलं, "खरं आहे हे?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मग पाठ करू नकोस आता काही. आलं तुला."

मला अनेकांनी पुढे अनेक प्रसंगी शाबासकी दिली. हार घातले, नारळ दिले, निरोप समारंभात भाषणं केली. पण 'आलं तुला' हे दोन शब्द मी कोणाला देऊन टाकणार नाही.

मिरवणुकीत मुली चालत नसत. मी आणि मामी गॅलरीत उभ्या होतो. खाली गुलाल, ढोल, माणसांचा पूर. काळी मारबत गेली, पिवळी गेली, आणि मग आमचा क्लॉज आला. मडक्याच्या तोंडावर दिन्यानं मिशा काढल्या होत्या, त्या का ते त्यालाच माहीत. पोट फुगलेलं, पायांना पाट्या, गळ्यात पुठ्ठ्यावर गेरूनं लिहिलेलं माझं वाक्य. ऑक्टोबरवाले ओरडत होते, "क्लॉज घेऊन जा गे मारबत." गर्दीला काय, ओरडायला काहीही चालतं. ज्यांनी इंग्रजीचं अक्षर पाहिलं नव्हतं तीही माणसं जीव तोडून क्लॉजला घालवत होती. शेजारच्या गॅलरीतल्या आजीबाईंनी मामीला विचारलं, "हा कोणता रोग होय वं?" मामी म्हणाली, "इंग्रजी होय." आजीबाई म्हणाल्या, "मंग तं नेलाच पाहिजे," आणि त्यांनीही हात जोडून आरोळी दिली.

चौकात रेटारेटी झाली. पायांच्या पाट्या पडल्या, पोटातलं तणस निघालं, मडकं कोणाच्या तरी खांद्यावर आपटून फुटलं. बांबू मात्र उभा राहिला आणि त्याला अडकून माझं वाक्य. तसंच ते पुढे गेलं. त्या हजारो माणसांतून ते वाचू शकणारे फार नसतील आणि वाचूनही कोणाला काही कळलं नसेल. मी वरून वाचत होते. माझ्या घरातली गोष्ट, जी मला मराठीत कोणापुढे बोलता आली नसती, ती इंग्रजीत भर रस्त्यानं मिरवत चालली होती. मला इतकं ताठ कधी उभं राहावंसं वाटलं नव्हतं. मामी म्हणाली, "रडून काहून राहिली?" मी म्हटलं, "गुलाल गेला डोळ्यात."

सगळे बडगे जळले. आमचाही जळला. पण मारबतीनं त्याला नेलं नाही. क्लॉज मुक्कामाला आला तो माझ्याकडेच. गणपती झाले, नवरात्र झालं, घरात दिवाळीची झाडलोट निघाली, आणि मी येता-जाता वाक्यं सोडवत होते. दुकानांच्या पाट्या, पेपरातल्या बातम्या, बाया नळावर भांडायच्या ते. परीक्षेला गेले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चढलं होतं. नागपूरचं ते ऊन परीक्षेला बसलेल्या पोरांची कीव करत नाही. पृथक्करणाचं वाक्य चांगलं चार ओळींचं होतं. मी ते वाचलं आणि मला हसू आलं. पर्यवेक्षकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. इंग्रजीच्या पेपरात हसणारी मुलगी त्यांनी पाहिली नसावी.

निकाल लागला तेव्हा थंडी पडायला लागली होती. दिन्यानंच बातमी आणली. तो स्वतः इंग्रजीत सुटला होता आणि गणितात राहिला होता. पुढच्या पोळ्याले गणिताचा करू, म्हणाला, आणि मला पेढा आणायला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी खाप्याला आले.

घरी कोणी नव्हतं. सगळे वावरात, कापूस वेचायला. मी तशीच बांधाबांधानं गेले. विमलच्या कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मला पाहून ती उभी राहिली, पण धावली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत जागच्या जागी उभी राहिली. बाबा पलीकडच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, होते. त्यांनीही हात थांबवला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पास झाली."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

त्यांनी शाबास म्हटलं नाही. पाठीवरून हात फिरवला नाही. विहिरीवर मोटेच्या थारोळ्यात हातपाय धुतले, खांद्यावरचा पटका झटकून डोक्याला बांधला. विमलला म्हणाले, "सोड थे ओटी." आणि चालायला लागले. आम्ही दोघी मागून. कुठे चाललो ते कोणी विचारलं नाही, आईनंही नाही. ती नुसती कपाशीत उभी राहून आमच्याकडे पाहत राहिली.

विमलच्या केसांत कापसाचे तुकडे अडकलेले होते. शाळेच्या फाटकापाशी मी ते काढायला लागले तर तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला. आत वर्ग चालू होते. बाबा कधीच शाळेत आले नव्हते. हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात त्यांनी चपला काढल्या. "हे पोरगी आठवीत बसवायची हाये," ते म्हणाले.

हेडमास्तरांनी विमलकडे पाहिलं. वर्गात पहिली येणारी मुलगी, त्यांना ती आठवत होती. ते म्हणाले, "आता? निम्मं वर्ष सरलं. बाकीचं भरून काढन ते. पण इंग्रजी कसं होईन? इतकं मागचं तिले कोण शिकवन?"

"ह्या मास्तरीण बाई हायेत ना," बाबा म्हणाले. "त्या शिकवतीन."

कोण बाई बरोबर आल्या आहेत ते पाहायला हेडमास्तर खुर्चीतून जरा वाकले आणि बाबांच्या मागे पाहू लागले. बाबा बाजूला सरकले. मी पदर सारखा केला आणि पुढे आले.